खुनाची पावती

सीझरने जिवंतपणीच रोमच्या नाण्यांवर स्वतःचा चेहरा छापून घेतला. हा तर राजाच व्हायला निघाला! ब्रूटस आणि मंडळींनी इ.स.पू. ४४ मध्ये १५ मार्चला त्याला भोसकलं. मग फौजेचा पगार भागवायला ब्रूटसनेही नाणी पाडली. त्यांवर चेहरा कोणाचा? अर्थात ब्रूटसचा. मागच्या बाजूला दोन खंजीर, मधोमध मुक्त गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख. केल्या खुनाची पावती सोन्यात देणारा असा माणूस विरळाच.

यातलं एक सोन्याचं नाणं २०२० साली लंडनच्या लिलावात ३२ लाख ४० हजार पौंडांना गेलं. वजन जेमतेम आठ ग्रॅम. एवढ्याच्या अंगठीसाठी आपण सराफाशी घडणावळीवरून अर्धा तास हुज्जत घालतो, वर पक्कं बिल मागतो. इथेही कागद होता म्हणा. कुण्या सरदाराच्या जुन्या संग्रहातलं नाणं, अशी खानदानी वंशावळच जोडलेली होती. नाणं अस्सल निघालं, वंशावळ बनावट. मूळचं ते ग्रीसमधून लुटून नेलेलं, म्हणून न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी ते ग्रीसच्या हवाली केलं, २०२३ साली. तेही मार्चातच.