हं

टूर मॅनेजरने बसमधल्या माइकवर जाहीर केलं, "जगनमोहन पॅलेस, पंचवीस मिनिटं. टॉयलेट धरून." त्यावर मी उभा राहून जाहीर केलं की मी आत जाऊन एकच चित्र बघणार आहे, आणि तेही पुरी पंचवीस मिनिटं. टॉयलेट सोडून. मागच्या सीटवरून कुणीतरी हळूच विचारलं, "बरं नाही का त्यांना?"

मला बरं होतं. बिघडलं होतं ते वाचनाने. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये दोघा संशोधकांनी माणसं एकेका चित्रापुढे किती वेळ थांबतात ते मोजलं आणि २००१ साली छापलं. सरासरी भरली २७ सेकंद. निम्मी माणसं तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकलेली. सतरा सेकंदांत आमच्याकडे पोह्यांवर लिंबूसुद्धा पिळून होत नाही! मानवजातीच्या वतीने मी चांगलाच संतापलो. मग स्वतःचा हिशेब मांडला, तेव्हा मानवजात माझ्यापेक्षा पुष्कळ बरी निघाली. कारण चित्रासमोर माझा जेमतेम एक सेकंद जातो. 'हं' म्हणायला तेवढा पुरतो.

या 'हं'बद्दल थोडं सांगायला हवं. मुंबईत असताना मी जहांगीर आर्ट गॅलरीत नियमाने जायचो. नियमाने म्हणजे तिथल्या समोवारमध्ये चहा प्यायला. २०१५ साली समोवार बंद झालं आणि माझा चित्रकलेशी संबंध जवळजवळ तुटला. पण चहाला जाताना वाटेत चित्रं लागत, आणि चित्रं लागली की 'हं' म्हणावंच लागे. दारातला 'हं' आखूड, नाकातला. आपण आल्याची वर्दी देण्यापुरता. अमूर्त चित्रापुढचा मात्र लांब, शेवटी जरासा वर जाणारा हवा. त्याने आपल्याला काही कळलं नाही हे झाकलं जातं, शिवाय शेजारच्याला आपल्याला कळलंय असा संशय येऊन तोही तसाच 'हं' काढतो. चित्रकार स्वतः कोपऱ्यात उभा असेल तर 'हं' म्हणून एक पाऊल मागे जावं आणि मान डावीकडे कलवावी. दोन पावलं मागे गेलात तर तो किंमत सांगायला येतो. किंमत ऐकल्यावरचा 'हं' निराळाच. त्यात 'ह' जवळपास नसतो, नुसता अनुस्वार उरतो. आणि मुख्य म्हणजे हात मागे बांधलेले पाहिजेत. हात पुढे असले की माणूस गिऱ्हाईक दिसतो, मागे गेले की जाणकार. आमच्या लहानपणी शाळा तपासायला येणारे दिपोटी अगदी असेच उभे राहत, आणि फळ्यावरचं गणित बघून असाच 'हं' म्हणत. त्यांनाही ते गणित येत नसावं, असं आता वाटतं.

असो. विषय 'हं'चा नव्हता.

हार्वर्डमध्ये जेनिफर रॉबर्ट्स नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापक बाई आहेत. त्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रापुढे तीन तास बसवतात. स्वतःही बसतात. कॉप्ली नावाच्या चित्रकाराच्या एका चित्रात एक मुलगा आणि त्याची पाळलेली उडती खार आहे. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटालगतच्या झालरीचा आकार एकच आहे, हे बाईंना नवव्या मिनिटाला दिसलं. मागच्या पडद्याच्या चुण्यांमध्ये त्याच मुलाचा कान आणि डोळा लपलाय, हे दिसायला पंचेचाळीस मिनिटं लागली. हे वाचून मी ठरवलं, आपणही असं काहीतरी शोधायचं आणि बसमध्ये सांगायचं. शोधण्यापेक्षा सांगण्याची घाई जास्त होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये मी त्या दिवाबाईच्या चित्रापुढे उभा राहिलो. चित्र सांगायला नको. तुमच्या आजोळच्या कॅलेंडरवर होतं तेच. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. खालची पाटी वाचायची नाही असा मी पण केला होता. पाटी वाचून चित्र बघणं म्हणजे मागची उत्तरं बघून गणित सोडवणं, असं एक वाक्यही तयार ठेवलं होतं.

दुसऱ्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की माझा डावा बूट उजव्यापेक्षा जास्त झिजलाय. पाचव्या मिनिटाला पाठ. नवव्या मिनिटाला, रॉबर्ट्सबाईंच्या मुहूर्तावर, मलाही कानाचा साक्षात्कार झाला. माझा कान खाजत होता. अकराव्या मिनिटाला आमच्या बसमधले चार जण मागे येऊन उभे राहिले आणि मला राहवेना. हात मागे बांधून मी रविवर्म्यावर बोलायला लागलो. तैलरंगांवरची त्याची हुकूमत, केरळातल्या स्त्रियांचं त्याचं निरीक्षण, सगळं.

"काका, इथे हळदणकर लिहिलंय," एक शाळकरी मुलगी म्हणाली. "आणि वॉटरकलर."

एस. एल. हळदणकर. सावळाराम. सावंतवाडीचे! म्हणजे म्हैसूरला येऊन मी आपल्या कोकणातल्या माणसाचं चित्र केरळला देऊन टाकलं होतं. रविवर्मा वारला १९०६ साली आणि हे चित्र १९४५-४६ चं. गेल्यावर चाळीस वर्षांनी त्याने ते काढलं, असं माझं एकंदर प्रतिपादन होतं. मी काही एकटा नाही, हे मान्य. आपल्याकडे रविवर्मा हे विशेषनाम राहिलेलंच नाही. ते डालडासारखं सामान्यनाम झालंय. बाई, साडी, दागिने दिसले की रविवर्मा. पण याचा मला खरोखर राग येतो, माझ्यासकट सगळ्यांचा. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, तो राखावा लागतो. कागदाचा पांढरेपणा जिथे हवा तिथे हात आवरावा लागतो, आणि एकदा रंग ओघळला की संपलं. ज्या माणसाने साठी ओलांडल्यावर इतका उजेड राखला, त्याचं सहा अक्षरांचं आडनाव कुणी राखलं नाही. पाटीवर होतं, तर ती न वाचण्याची माझी प्रतिज्ञा.

तेवढ्यात आमची ही आली. सगळी दालनं, वर दुकानात जाऊन दोन अगरबत्त्यांचे पुडे, एवढं करून आली होती. चित्रापुढे थांबली. दहा सेकंद, फार तर पंधरा.

"अहो, ही चालत नाहीये."

"म्हणजे?"

"दिव्याला आडोसा चालताना धरतात. ही नुसती उभी आहे. उभी केलीय हिला. हात भरून आला असेल, चटका बसत असेल तो वेगळाच. घरातलीच कुणीतरी असणार बघा. बाहेरची बाई एवढं ऐकत नाही."

आणि ती बसकडे गेली. देवघरातून तुळशीपर्यंत तिने रोज संध्याकाळी दिवा नेलाय. मी त्या वेळी बहुतेक बातम्या बघत असतो.

घरी आल्यावर शोधलं. घरातलीच होती. हळदणकरांची मुलगी, गीता. लग्नानंतर उपळेकर. वडील चित्र काढत होते आणि तिशीच्या आसपासची ती मुलगी तो हात तसाच धरून उभी होती. पुढे त्या कोल्हापुरात राहत होत्या आणि तिथेच २०१८ साली, १०२ वर्षांच्या होऊन गेल्या.

मी कोल्हापुरात अकरा वर्षं नोकरी केली. घरमालकांच्या सोप्यात हेच चित्र होतं, काचेला तडा गेलेलं. खाली खिळ्याला दुधाच्या हिशेबाची वही. रोज त्याखाली मी चपला घालायचो.

आता सारखं वाटत राहतं, कपिलतीर्थ मंडईत कधीतरी त्या माझ्यापुढे उभ्या असतील. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने मेथीची एकेक जुडी उजेडात धरून बघत असतील, सावकाश. आणि मी मागून म्हटलं असेल, "आजी, जरा सरकता का? बस चुकेल माझी."