फोकसकाका

लग्नाला पैसे देऊन फोटोग्राफर बोलावलेला असतो, व्हिडिओवाला वेगळा असतो, हल्ली डोक्यावर ड्रोनही घोंगावतो. तरीही गळ्यात कॅमेरा अडकवून नवरी आणि भटजी यांच्यामधल्या वीतभर जागेत जे घुसलेले असतात, ते फोकसकाका. तुमच्याकडे मामा असतील.

"थांबा, डोळा धरतोय," हे त्यांचं पालुपद. डोळा म्हणजे आपला, धरणार कॅमेरा. आणि तो धरत नाही. लेन्स आत-बाहेर घरघरत राहते, आपलं हसू आधी ताणलं जातं, मग वाळतं, आणि नेमकं ओठ मिटल्यावर 'खट्' होतं.

काकांच्या फोटोंत सगळं सुस्पष्ट असतं, माणूस सोडून. गेल्या लग्नात मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा असा आला. त्यामागे नवरदेव असावा, असा घरच्यांचा अंदाज आहे. आत्याच्या फोटोत नथ. मावशीच्या फोटोत मागच्या गृहस्थांच्या खिशातलं पेन. काकांच्या मते यात कॅमेऱ्याची चूक नाही. सगळे फोकस पॉइंट त्याच्यावर सोपवले की तो बहुधा जवळची, ठसठशीत वस्तू पकडतो. म्हणून एकच पॉइंट निवडून डोळ्यावर ठेवायचा. हे ते प्रत्येक लग्नानंतर सांगतात.

अंतरपाट हा तर त्यांचा जन्मजात वैरी. पांढऱ्या सपाट कापडावर कॅमेऱ्याला पकडायला रेघ नाही, कड नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत लेन्स चाचपडते. अंतरपाट दूर होतो, काका बटण दाबतात, आणि हवेतल्या अक्षता टिपल्या जातात. तांदूळ मात्र उत्तम. बासमती ओळखू येतो.

जेवायला बसल्यावर १९८५ सालचा मिनोल्टा ७००० निघतो. ऑटोफोकस कॅमेऱ्याच्या बॉडीतच कसा आला, हे ऐकता ऐकता आपला मठ्ठा कोमट होतो. मग एफ १.८. पन्नासची लेन्स त्या आकड्यावर उघडली की दीड मीटरवर जेमतेम काही सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. त्यात माणूस श्वास घेतो, मान डोलावतो, कुणाला तरी "जेवलात का?" विचारतो. माणसांचा हा दोष काकांना फार खटकतो. म्हणून रविवारी ते घरी टेबलावर पेन्सिल सेल तिरक्या रांगेत मांडतात, मधल्यावर नेम धरतात, मागचा स्पष्ट आला की "बॅक फोकस!" असं ओरडतात आणि मेनूत शिरून दुरुस्ती करतात. सेलांचे फोटो अप्रतिम येतात. सेल हलत नाहीत.

एकदा भाच्यानं धीर करून सांगितलं, की पोरं पळताना पुसट आली आणि मागची भिंत स्वच्छ आहे, तर दोष फोकसचा नाही, शटर मंद आहे. काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हेच त्यांनी त्यालाच समजावून सांगितलं.

तरी एक गोष्ट कबूल करावी लागते. जमिनीवरून अबोला धरलेले आमच्याकडचे दोन भाऊ बारशाला फोटोसाठी शेजारी उभे राहिले. धंदेवाईक फोटोग्राफरनं क्षणात मोकळं केलं असतं. काकांनी डोळा धरायला घेतला. खांद्याला खांदा लावून, ताणलेलं हसू सांभाळत उभं राहणं धाकट्याला असह्य झालं आणि तो थोरल्याच्या कानात पुटपुटला, "याला सेल दे रे कुणीतरी." थोरला खदखदून हसला. तो फोटो अर्थातच पुसट आहे. दोघांच्याही घरात लावलेला आहे.

आता भाच्यानं नवा मिररलेस आणलाय. तो स्वतःच डोळा शोधतो, त्यावर चौकट लावतो, माणूस हलला तरी सोडत नाही. काकांनी एक फोटो काढला. पापणीचा केस न् केस आला. काका गप्प झाले. कॅमेरा परत करत म्हणाले, "चांगलाय. पण मग आपण काय करायचं?" कुणालाच उत्तर सुचेना. कधी नव्हे ते घरात सगळ्यांना काकांची काळजी वाटली.

तेवढ्यात त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि चेहरा उजळला. "अरे, यानं लांबचा डोळा धरलाय! तिरक्या चेहऱ्यात जवळचा धरायचा असतो!" मेनू उघडला गेला. डावा-उजवा डोळा निवडायची सोय सापडली. वहिनींना पुन्हा खिडकीपाशी उभं केलं.

"उजवा म्हणजे," काकांनी चष्मा कपाळावर चढवला, "वहिनींचा उजवा, की माझा?"