स्थापना १८९१

कोल्हापुरातला खाणावळीचा मालक लगेच ओळखू येतो. डोक्यावर शाहू महाराजांचा हार घातलेला फोटो, पुढ्यात बडीशेपेची वाटी, मांडीवर उधारीची वही आणि तोंडात पणजोबा. पाटीवर 'स्थापना १८९१'. पाटी मात्र गेल्या दिवाळीत रंगवलेली.

"बसा पावनं. आगगाडी आली आन् आमच्या पणजोबांनी चूल पेटवली!"

इथवर ठीक आहे. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे १८९१ सालीच आली. गाडीतून उतरलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेऊन भुकेला होणारच. राजाराम कॉलेजात परगावची पोरं होती, कोर्टात खेटे घालणारे पक्षकार होते. तेव्हाच्या खाणावळीत आधी जात विचारायचे आणि मग पाट मांडायचे, एवढं मालक गाळतात. पणजोबांच्या चुलीला धूर नव्हता, असं एकूण सांगण्यावरून वाटतं.

तांबडा रस्सा ताटात आला की महाराज येतात.

"त्याच साली महाराज हितं जेवून गेले बघा. सात भाकऱ्या! उठताना पाट मोडला."

मागल्या खेपेला भाकऱ्या पाच होत्या. महाराज जन्मले १८७४ साली. १८९१ साली ते सतरा वर्षांचे होते आणि धारवाडला फ्रेझरसाहेबांकडे शिकत होते. कारभार हाती आला तो १८९४ साली. पण हे मालकांना सांगू नये. सांगितलं की पांढरा रस्सा दुसऱ्यांदा येत नाही. मोडका पाट पुढच्या गल्लीतल्या खाणावळीतही आहे, त्याच्या पलीकडच्या खाणावळीतही. महाराज धिप्पाड होते यात वाद नाही, तरी या हिशोबानं कोल्हापुरात एकही पाट शाबूत उरायला नको होता.

"रश्श्याचं गुपित पणजोबांचं. चार पिढ्या आमच्याच हातात," असं म्हणताना मालकांच्या हातात पेन असतं. गुपित आत आहे, पदर खोचून. उन्हाळा लागला की मिरच्या निवडायच्या, वाळवायच्या, खोबरं भाजायचं, कांदा-लसूण डंकावर न्यायचा आणि वर्षाची चटणी बरणीत भरायची, हे वहिनींचं काम. त्याआधी सासूबाईंचं होतं. मालकांनी गॅस कधी पेटवला असेल तर तो बिडीसाठी. बाहेरून हाक आली, "अगं, तीन ताटं!" की आतून उत्तर येतं, "आलो की! मला काय चार हात हाईत?" पणजोबांचा फोटो गल्ल्याशेजारी आहे. पणजीचा फोटोच काढलेला नाही.

थोरल्याला वरच्या मजल्यावर एसी 'फॅमिली रूम' काढायचा आहे. धाकटी गल्ल्यावर बसली की उधारी वसूल होते, म्हणून जुने मेंबर ती कॉलेजला गेल्यावर जेवायला येतात.

एकदा मी सहज विचारलं, "मालक, महाराजांनी चहा प्यायल्याचं नक्की ठाऊक आहे, ते हॉटेल कुणाचं?"

"आमचंच म्हना की!"

ते गंगाराम कांबळ्यांचं. गंगाराम महाराजांच्या पागेत नोकरीला होते. हौदाचं पाणी घेतल्यावरून त्यांना अस्पृश्य म्हणून बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना फोडून काढलं आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून धंद्याला मदत दिली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उघडलं. चहा चांगला होता, दुकान स्वच्छ होतं, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी आपली गाडीच तिथं थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. नको म्हणायची सोय नव्हती. महाराज बघत होते. त्या कपांतला चहा काहींच्या घशाखाली कसा उतरला असेल, याचं चित्र कुणी काढायला हवं होतं.

मालकांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग गल्ल्यावरून ओरडले, "पावन्यास्नी पांढरा वाढा रे!" हा विषय बदलण्याचा त्यांचा हुकमी उपाय आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्यावर तो दर वेळी चालतो.

महाराज १९२२ साली गेले. तीन वर्षांनी नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं. त्यासाठी पुढाकार घेतला तो गंगाराम कांबळ्यांनी. मोडक्या पाटाच्या एकाही मालकानं नव्हे.