एम्माउसची पंगत

तैलचित्रण शिकण्यासाठी थोर चित्रकाराच्या कृतीची नक्कल करावी, ही युरोपीय चित्रशाळांतील जुनी शिस्त असून, ती पाळणारा नवशिका बहुधा आपल्या कुवतीच्या चित्रापाशी न थांबता थेट काराव्हाज्जोच्या ‘एम्माउस येथील भोजना’ला हात घालतो. १६०१ साली रंगवलेले आणि सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले हे चित्र लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंगावर आधारलेले आहे : पुनरुत्थित येशू वाटेत भेटलेल्या दोन शिष्यांसह जेवायला बसतो, भाकरीला आशीर्वाद देतो आणि त्या क्षणी शिष्यांना त्याची ओळख पटते. शेजारी उभ्या खानावळवाल्याला मात्र यातले काहीच उमगलेले नसते. नवशिक्याचे सूत जुळते ते याच पात्राशी.

पहिली अडचण तेलाची. रंगात मिसळायचे जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते, आणि म्हणूनच खालचा थर कमी तेलाचा व वरचा अधिक तेलाचा असावा, नाहीतर आधी वाळलेला वरचा थर पुढे तडकतो, असा नियम आहे. जवसाची चटणी खाऊन मोठा झालेला मराठी विद्यार्थी या तेलाला घरचे समजतो आणि सढळ हाताने ओततो. परिणामी येशूचा गाल आठवडाभराने बोट लावले तरी चिकटतो.

काराव्हाज्जोचे एकही रेखाचित्र आज खात्रीने ओळखता येत नाही. तो थेट कॅनव्हासवर रंगवी, असे ऐकून नवशिकाही पेन्सिल बाजूला ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने चौकटी आखायला घेतो. उजवीकडच्या शिष्याने दोन्ही हात फैलावले असून, त्याचा अंधारातला लांबचा पंजा प्रेक्षकाकडे आलेल्या जवळच्या पंज्याएवढाच मोठा दिसतो. खुद्द उस्तादाच्या हातून राहिलेली ही चूक पाहून नवशिक्याला केवढा धीर येतो! तो ती सुधारायला जातो, तेव्हा त्या शिष्याचा हात कोपरापाशी मोडल्यासारखा दिसू लागतो.

टेबलाच्या कडेवर लोंबकळणाऱ्या फळांच्या टोपलीविषयी बेल्लोरी या चरित्रकाराने १६७२ मध्ये तक्रार नोंदवली, की प्रसंग वसंतातला असताना द्राक्षे, अंजिरे, डाळिंबे आली कुठून. नकलाकाराच्या टोपलीवर ही तक्रार करणे शक्य नसते, कारण फळे कोणती हेच ओळखता येत नाही.

यश मिळते ते अगदीच अनपेक्षित ठिकाणी. डावीकडच्या शिष्याचा हिरवा अंगरखा कोपरावर फाटला असून, त्यातून आतले पांढरे कापड डोकावते. ओल्या हिरव्यात पांढऱ्याचा एकच जाड फटकारा द्यावा, कडेला तपकिरी छाया ओढावी आणि हात तिथेच थांबवावा, एवढेच काम. पण ते साधले की कापड खरोखर फाटल्याचा भास होतो. दैवी तेज हुकते आणि फाटकी बाही जमते, हे या अभ्यासक्रमाचे बहुधा ठरलेले फळ होय.

वॉर्निश देण्यापूर्वी असे चित्र सहा महिने ते वर्षभर वाळू देण्याची प्रथा आहे. तोवर ते भिंतीकडे तोंड करून ठेवावे, आणि पाहुण्यांनी विचारल्यास अजून ओले आहे असे सांगावे. ते खोटेही ठरत नाही.