आत या, बाहेर जायचं नंतर बघू

खातं पाच मिनिटांत उघडतं, असं जाहिरात सांगते. खोटं नाही. आधार, पॅन, एक सेल्फी, बँकेचा तपशील. चहा निवायच्या आत तुम्ही जागतिक बाजारातले खेळाडू. पैसे काढायला किती मिनिटं लागतात, हे त्याच जाहिरातीत कुठं वाचलंय?

वाचलं असेल तर कळवा.

आम्ही क्रिप्टोच्या विरोधात नाही. ज्याला पैसे उडवायचेत त्यानं ते कुठंही उडवावेत. ऑप्शन्स आहेत, एनए न झालेले प्लॉट आहेत, मेव्हण्याचं हॉटेल आहे. आमचं म्हणणं एवढंच, की आत शिरायचा दरवाजा सगळेच हसून दाखवतात. बाहेरचा कुठं आहे, तो उघडतो का, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे पैसे टाकण्याआधी बघावं.

हल्ली साधं ॲप कुणालाच नको असतं. 'प्रो' हवं, 'ॲडव्हान्स्ड' हवं. हिरव्या-लाल कँडल, ऑर्डर बुक, स्टॉप-लिमिट, फ्युचर्स, वर वीसपट लेव्हरेज. वीसपट म्हणजे भाव पाच टक्के उलटा फिरला की तुमची रक्कम साफ. बिटकॉइनला पाच टक्के फिरायला काय लागतं? एखादी पोस्ट.

१० ऑक्टोबर २०२५ ला तेच झालं. ट्रम्प यांनी चीनवर जादा आयातशुल्क लावायची घोषणा केली आणि दिवसभरात जगभरातले १,९०० कोटी डॉलरहून अधिक किमतीचे लेव्हरेजचे सौदे आपोआप बंद झाले. हॅकर नव्हता. पासवर्ड सगळ्यांचे शाबूत होते.

पण पासवर्डाचं बोलूच. लग्नाची तारीख आणि पुढे '@123', हा महाराष्ट्राचा अघोषित राज्य पासवर्ड. तोच मेलला, तोच बँकेला, तोच क्रिप्टोला. चोराला लक्षात ठेवायला सोपा.

"पण आम्हाला ओटीपी येतो ना!" येतो. जोवर सिम तुमच्याकडे आहे तोवर तुम्हालाच येतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचं, म्हणजे एसईसीचं, एक्सवरचं खातं चोरांनी ताब्यात घेतलं आणि बिटकॉइन ईटीएफला मंजुरी मिळाल्याचं परस्पर जाहीर केलं. कसं? नियामकाचा फोन नंबर दुसऱ्या सिमवर वळवून. दुहेरी पडताळणी होती का? होती, पण लॉगिनला अडचण येते म्हणून काही महिन्यांपूर्वीच बंद करून ठेवली होती.

सगळ्या जगाला सावध राहा म्हणून सांगणारं कार्यालय बरं का हे.

तेव्हा एसएमएसवर विसंबू नका. ऑथेंटिकेटर ॲप घ्या, दर तीस सेकंदांनी कोड बदलतं. त्याचा बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोन हरवल्यावर आठवणार असेल तर लिहू नका.

पैसे काढायचे पत्ते आधी नोंदवून ठेवायची सोय बहुतेक मोठ्या प्लॅटफॉर्मवर असते. व्हाइटलिस्ट म्हणतात. ती चालू केली की नोंदवलेल्या पत्त्यांखेरीज कुठंच पैसे जात नाहीत, आणि अनेक ठिकाणी नवा पत्ता घातला की चोवीस तास थांबावं लागतं. वैताग येतो? यावाच. चोरालाही तोच येतो.

आपोआप सौदे करणारा बॉट जोडायचाय? जोडा. फक्त त्याला एपीआयची किल्ली देताना पैसे काढायची परवानगी बंद ठेवा. त्यानं तोटा करावा, तेवढंच त्याचं काम.

स्वतःचं वॉलेट घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथं बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची सीड फ्रेज मिळते. ते शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. ना बँक मॅनेजर, ना 'पासवर्ड विसरलात?' मग आपण काय करतो? स्क्रीनशॉट काढतो. तो आपोआप क्लाउडवर चढतो आणि गौरी-गणपतीच्या फोटोंच्या शेजारी जाऊन बसतो. घरच्यांना अल्बमची लिंक पाठवलीत की दर्शन सगळ्यांनाच.

त्यापेक्षा ते शब्द एखाद्या जाणकाराकडे द्यावेत का? पुणे पोलिसांना विचारा. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत महिन्याला दहा टक्के मिळणार या बोलीवर हजारोंनी पैसे घातले होते. २०१८ च्या त्या तपासात पोलिसांनी मदतीला दोन सायबरतज्ज्ञ घेतले, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. आरोप काय, तर तपासात हाती लागलेली क्रिप्टो आपल्याकडे वळवल्याचा.

पुढचा तपास कुणाच्या मदतीनं करावा, हा प्रश्नच होता.

बरं, तुम्ही सगळं नीट केलंत. कोड कागदावर, पत्ते नोंदवलेले, बॉटला वेसण. तुमच्या बाजूचं कुलूप पक्कं. समोरच्याच्या तिजोरीचं काय?

१८ जुलै २०२४. वझीरएक्स हे क्रिप्टो एक्सचेंज. सुमारे २३ कोटी डॉलर गेले. ज्या वॉलेटमधून गेले त्याला एक नाही, सहा सह्यांची व्यवस्था होती. पाच कंपनीच्या, एक तिजोरी सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीची. पत्त्यांची व्हाइटलिस्टसुद्धा होती. पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही भलत्यावरच झाली, असं वझीरएक्सचं म्हणणं. आमच्याकडे काही बिघडलं नव्हतं, असं तिजोरीवाल्यांचं म्हणणं. चोरी कुणी केली यावर मात्र अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांचं एकमत झालं: उत्तर कोरिया.

ग्राहकांचं काय झालं? त्यांची क्रिप्टो अडकली. प्रकरण सिंगापूरच्या हायकोर्टात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. मुंबईतली कंपनी, सोलापूर-सांगलीतला ग्राहक, चोर प्याँगयांगचा, न्याय सिंगापूरला. जागतिक बाजारातला खेळाडू व्हायचं होतं ना?

त्या चोरीला एक वर्ष आणि एक दिवस झाला आणि कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्सचेंजमधून ४.४ कोटी डॉलर गेले. तिथं कंपनीनं तोटा स्वतःच्या गंगाजळीतून भरला, ग्राहकांना झळ लागली नाही. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दुबईच्या बायबिटमधून सुमारे दीडशे कोटी डॉलर निघून गेले. सह्या करणारे समोर बसलेले, पडद्यावर सगळं ठीक. इथंही एफबीआयनं नाव घेतलं ते उत्तर कोरियाचंच.

कॅनडातल्या क्वाड्रिगासीएक्स या क्रिप्टो कंपनीची कथा तर आपल्या जयपूरशी जोडलेली. डिसेंबर २०१८ मध्ये तिचा संस्थापक जयपूरला वारला. पासवर्ड त्यालाच ठाऊक होते, असं कंपनीनं सांगितलं. लोक बिचारे पासवर्ड शोधत बसले. ओंटारियोच्या नियामकानं चौकशी केली, तेव्हा निघालं की मालकानं लोकांचे पैसे आधीच उडवले होते.

कुलूप होतं. आत काही नव्हतं.

"आमचं ॲप सरकारकडे नोंदलेलं आहे," असं कुणी सांगेल. चांगली गोष्ट आहे, बघाच. मार्च २०२३ पासून या मंडळींना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि एफआययूकडे, म्हणजे केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्या परदेशी ॲपच्या वाटेला जाऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये अशा कित्येकांची संकेतस्थळं भारतात बंद केली गेली. पण नोंदणी म्हणजे विमा नव्हे. बँक बुडाली तर ठेवीवर पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. इथं पाच रुपयांचंही नाही.

आणि सरकार? ते दरवाजातच उभं आहे. नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर. विकताना १ टक्का टीडीएस. बिटकॉइनमध्ये लाखाचा नफा आणि इथरमध्ये लाखाचा तोटा झाला, तर तुमच्या मते हिशेब शून्य. आयकर खात्याच्या मते निदान तीस हजार द्या. तोटा वळता करता येत नाही. रोज घेऊन रोज विकणाऱ्या 'प्रो' माणसाचा दहा दिवसांत जवळपास दहावा हिस्सा टीडीएसमध्ये जाऊन बसतो. रिटर्न भरल्यावर मिळतो म्हणा परत, कर वळता करून उरला तर.

हा कर आयकर खात्यालाच जातो, हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा. कारण टेलिग्रामवरचे 'सर' वेगळं सांगतात. आधी ॲपवर तुमचे दहा हजार चाळीस हजार दिसतात. हजार-दोन हजार काढूही देतात, म्हणजे विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलात की निरोप येतो: आधी ३० टक्के कर आमच्याकडे भरा. शिकलीसवरलेली माणसं भरतात. इंजिनिअर भरतात. सीए भरत नसावेत, अशी आमची आशा आहे.

तेव्हा सुरुवात करायचीच असेल तर उलटीकडून करा. एफआययूकडे नोंदणी आहे का ते तपासा. ऑथेंटिकेटर लावा, पत्ते नोंदवा, आणि मग पाचशे रुपये टाकून ते बँकेत परत आणून दाखवा. आले तरी हुरळू नका, अधूनमधून काढत राहा. आणि ज्या दिवशी पैसे काढायला आणखी पैसे मागतील, त्या दिवशी ग्रुपवर 'सरां'ना विचारत बसू नका. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, तासाभराच्या आत.