चाळीस सेंटीमीटरचा पन्हा

ताश्कंदहून मर्गिलानला जाणारी रेल्वे 19 किलोमीटरच्या बोगद्यातून जाते. बोगदा लागला तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी दशम्यांचा डबा उघडला. उजेड आला तेव्हा डबा धुवायला टाकण्याच्या अवस्थेत होता. उझबेकिस्तानचं फरगाना खोरं आलं ते असं.

मर्गिलान रेशमाचं गाव. 'योदगोर्लिक' कारखान्यात शिरताच वास आला. गरम पाण्यात कोश उकळत होते आणि एक बाई त्यातली धाग्यांची टोकं शोधून रहाटावर चढवत होती. "एका कोशातून हजारेक मीटर धागा निघतो," गाईड म्हणाली. काकूंना धाग्याचं काही नव्हतं. "आणि आतली अळी?" गाईडनं पातेल्याकडे बोट दाखवलं. विमानातसुद्धा बिनअंड्याचा केक मागणाऱ्या काकूंनी ओढणी नाकाला लावली. काका शांतपणे म्हणाले, "तुझं गौरीपूजनाचं सोवळं कशाचं आहे गं?" रंगशाळेपर्यंत ते जोडपं वेगवेगळं चाललं.

रंगशाळेत डाळिंबाची सालं, अक्रोडाची टरफलं, मंजिष्ठा, नीळ, कांद्याची सालं. नक्षी मात्र मागावर घडतच नाही. ताण्याचे धागे ताणून त्यांच्यावर खुणा करतात, रंग नको तिथं गच्च बांधतात, बुडवतात, सोडतात, पुन्हा बांधतात. विणायला बसण्याआधी चित्र तयार! रंग कडेला जरासा झिरपतो आणि नक्षी ढगासारखी विरते. इकतची ओळखच ती. काकांनी चष्मा वर करून निकाल दिला, "छपाई हललीय. डिस्काउंट मागा." पोचमपल्ली नेसून आलेल्या एका वहिनींनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती विणकरालासुद्धा समजली. वहिनींचं इकतच होतं, आणि पूर्ण किमतीचं.

दुकानात अतलस आणि अदरस यांची थप्पी. अतलस सगळं रेशमी. अदरसचा ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. काकूंचा प्रश्न एकच, "साडी निघेल का?" माग अरुंद, त्यामुळे पन्हा जेमतेम चाळीस सेंटीमीटर. मराठी बाई एवढ्यानं खचत नाही. "तीन पट्टे जोडू. साडेपाच त्रिक साडेसोळा मीटर. नऊवारीला पंचवीस." विक्रेतीनं कॅल्क्युलेटर पुढे केला. आकडा सोममध्ये, म्हणून लाखांत. काका तो पाहून बाकावर बसले. त्यांना हिरव्या चहाचा पियाला आला, तोही अर्धाच. पियाला जितका कमी भरावा तितका पाहुण्याचा मान मोठा, असं गाईडनं सांगितलं. काका म्हणाले, "मग पुण्यात माझा फारच मान झालाय."

साडी झाली नाही. अडीच मीटर अदरस झालं, ब्लाउजला भरपूर. तुम्ही गेलात तर तेवढंच घ्या, पण बाजारात त्याच नक्षीचं छापील कापडही मिळतं, म्हणून आधी उलटून बघा. खऱ्या अदरसची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते.