काय पटले?

माझं आडनाव पटले. हे पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा माणूस थांबतो आणि पुढच्या शब्दाची वाट बघतो. मग विचारतो, 'काय पटले?' पहिली दोन वर्षं मी यावर मनापासून हसलो. त्यानंतरची अठ्ठावीस वर्षं हसण्याची सवय झाली म्हणून हसतो आहे.

शिकायला गेलो तेव्हा खोली बघायला एका वाड्यात शिरलो. घरमालकीणबाईंनी वहीत 'पाटील' लिहिलं. नाही म्हटल्यावर खोडून 'पाटोळे' केलं. तेही नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू आडनाव मी येता येता बसमध्ये तयार केलं असावं. 'तुमच्याकडे असतात का असली आडनावं?'

असतात. खोऱ्यानं असतात. खोरं वैनगंगेचं.

गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव यांतल्या कुठल्याही बाजारात खडा टाकून बघा. तो पटलेला लागेल, उसळून बिसेनच्या सायकलवर पडेल आणि 'कोन व्हय रे?' असं ओरडेल तो रहांगडाले असेल. मिटवायला कटरे, टेंभरे, बोपचे, तुरकर येतील. हीच मंडळी भंडारा जिल्ह्यात तुमसरला भेटतात, नदी ओलांडली की मध्य प्रदेशात वारासिवनी, कटंगी, लांजीला भेटतात, पुढे सिवनी जिल्ह्यात बरघाटलाही भेटतात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, तेव्हा बालाघाट एका राज्यात राहिलं आणि भंडारा दुसऱ्या राज्यात गेलं. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं. वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावं लागलं. आखणाऱ्यांनी नकाशावर रेघ मारली, पण तिच्या दोन्ही बाजूंना तेच बिसेन उभे होते. आजही आमची राजधानी हजारेक किलोमीटरवर, विदर्भ एक्स्प्रेसनं एक रात्र मोडून गाठायची, आणि आमच्या आत्या, मावश्या मात्र परराज्यात, दुपारच्या जेवणाला पोचता येईल इतक्या अंतरावर.

ही सगळी आडनावं पोवारांची. पोवार म्हणा, पवार नाही. 'ओ'ची ती मात्रा गाळली की तुम्ही थेट बारामतीला पोचता, आणि तिथे आमचं कुणी नाही. बरं, पोवार ही जात, आडनाव वेगळंच. त्याला आमच्याकडे कुर म्हणतात. परंपरेनं कुर छत्तीस. एका कुरात लग्न होत नाही, म्हणून मी पटले, आई माहेरची बिसेन, बायको माहेरची रहांगडाले, आणि मुलासाठी मुलगी बघताना मावशीचा पहिला प्रश्न शिक्षणाचा नसतो, पगाराचाही नसतो. 'कुर कोनतो?' उत्तर 'पटले' आलं की स्थळ तिथेच संपलं. मुलगी कलेक्टर असली तरी ती बहीण.

या छत्तीस नावांची यादी कधी मोठ्यानं वाचून बघा. त्यात राणा आहे, चौहान आहे, गौतम आहे, परिहार आहे. छाती फुगत फुगत जाते आणि मग एकदम 'येडे' येतं. 'कोल्हे' येतं. हरिणखेडे आणि पारधी हे दोन्ही कुर आमच्यात आहेत आणि त्यांची सोयरीक होते. हरिण आणि शिकारी एका मांडवात येऊन वऱ्हाडी जेवायला बसतात. माझा सगळ्यात लाडका कुर मात्र 'शरणागत'. बाकी सगळे लढले, जिंकले, गड राखले असं सांगतात. एका पूर्वजानं मात्र हात वर केले असावेत आणि त्याच्या पोरांनी ते नाव प्रामाणिकपणे मिरवलं. एवढं खरं बोलणारं आडनाव महाराष्ट्रात दुसरं दाखवा.

आता मूळ. आडनावाचं मूळ शोधणं हा आमच्याकडे दिवाळी ते होळीदरम्यानचा, म्हणजे धान निघाल्यानंतरचा उद्योग आहे. लग्नाच्या मांडवात दोन निवृत्त गुरुजी भेटले की तिसऱ्या मिनिटाला धार येते. धार म्हणजे माळव्यातलं धार. आम्ही राजा भोजाचे, कुलदेवी गढकालिका, घराणं परमार. मान्य. मला एकच शंका असते आणि ती विचारल्यामुळे मला पुढच्या लग्नांत मागच्या पंगतीत बसवतात: भोजाच्या धारमध्ये भाकऱ्या कोण थापत होतं? घोड्याला दाणा कोण घालत होतं? कारण वैनगंगेच्या काठी जे आले ते झाडून सगळे राजाचे नातलग. एकही खरारा करणारा आला नाही. पूर्ण फौजेत एकही शिपाई नाही, नुसते सेनापती!

जुन्या नोंदी सांगतात ते एवढं झगमगीत नाही, पण मला जास्त आवडतं. माळव्यातून आलेली ही मंडळी आधी रामटेकजवळ नगरधनला टेकली, मग वैनगंगेच्या खोऱ्यात उतरली. काळ साधारण देवगडच्या बख्त बुलंद शहाचा. नागपूर वसवणारा तोच. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत हे लोक चिमणाजी भोसल्यांबरोबर गेले आणि त्या कामगिरीबद्दल त्यांना जमिनी मिळाल्या. जंगल तोडलं, बांध घातले, धान लावला. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात रोवणी केली आणि मांडवात मात्र तलवारीच्या गोष्टी सांगितल्या.

एक गोष्ट गुरुजी हळूच गाळतात. बख्त बुलंद गोंड होता. ज्या जिल्ह्याच्या नावातच गोंड आहे असं जाणकार म्हणतात (काही जण म्हणतात गोंद, म्हणजे डिंक, दोन्ही इथलेच), त्या मुलखात आम्ही पाहुणे म्हणून आलो आणि यजमान गोंड राजा होता. आज देवरी, सालेकशाकडचा मडावी किंवा उईके तहसील कचेरीत दाखल्यासाठी उभा असतो, तेव्हा खिडकीमागचा पाहुणा त्याला विचारतो, 'पुरावा आहे का?'

आणि पटलेचा अर्थ? सरळ अंदाज असा की तो पाटील, पटेल यांच्याच पंगतीतला शब्द. जुन्या लेखांत गावच्या मुख्याला पट्टकिल म्हटलंय, त्याचीच ही लेकरं. म्हणजे त्या घरमालकीणबाई 'पाटील' लिहून फार चुकल्या नव्हत्या, फक्त काही शतकं मागे होत्या. पटेल आणि पटले यांत तर अक्षरंही तीच: प, ट, ल. मात्रा ट वर दिली की पटेल, ल वर दिली की पटले. ही मात्रा काय करू शकते ते २००४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघानं दाखवलं. एका बाजूला राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल, दुसऱ्या बाजूला भाजपचे शिशुपाल पटले. पटले निवडून आले, जेमतेम तीन हजार मतांनी. मात्रा ट वरून ल वर सरकली. पटेल मग राज्यसभेतून नागरी विमान वाहतूक मंत्री झाले आणि पटले लोकसभेत गेले. मतदाराला एका मात्रेत दोन्ही मिळाले. यापेक्षा स्वस्त निवडणूक मी बघितलेली नाही.

इथवर गंमत झाली. आता गाडीतला प्रसंग सांगतो.

गाडी नागपूर सोडते. समोरचा माणूस चणे पुढे करतो. 'कोनत्या गावचे जी?' गाव सांगितलं. 'नाव?' सांगितलं. 'पूर्ण नाव?' आता खरा मुद्दा आला. पूर्ण नाव विचारणाऱ्याला माझ्या वडिलांच्या नावात काडीचा रस नसतो. त्याला शेवटचा शब्द हवा असतो. तो मिळाला की माणूस मागे टेकतो, चेहऱ्यावर उत्तर सापडल्याचं समाधान येतं आणि चण्याची पुडी त्या समाधानाच्या प्रमाणात पुढे किंवा मागे सरकते. आडनाव हा जातीचा दाखलाच आहे, फक्त शिक्का नसलेला.

पण आडनावंही हुशार आहेत. ती या चौकशीला फसवतात. मेश्राम ऐकून तुम्ही खूण बांधाल तर पंचाईत: मेश्राम बौद्धांत आहेत, गोंडांतही आहेत. ठाकरे ऐकून मुंबईकडे बघाल तर आमच्याकडे पोवार ठाकरे आहेत, कुणबी ठाकरे आहेत. भोयर आमच्या छत्तीसात आहे आणि छत्तीसाबाहेरही आहे. बिसेन म्हणाल तर उत्तर प्रदेशातल्या गोंड्याचं जुनं संस्थानच बिसेनांचं. गोंडा आणि गोंदिया! एका अनुस्वारावर नातं जोडणारे गुरुजी मला माहीत आहेत.

आणि पारधी. माझ्या वर्गात एक पारधी होता, आमच्यातलाच. बालाघाटच्या आताच्या खासदारांचं आडनावही पारधीच. पुण्यामुंबईत हे आडनाव सांगितलं की खोली मिळत नाही, मिळालेली खोली महिन्यात सुटते, शेजारी कड्या तपासतात. का, तर १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांत पारध्यांवरही तो शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली गेला. कड्या अजून तपासल्या जातात.

माझा मित्र अशा वेळी घाईघाईनं सांगायचा, 'मी तो पारधी नव्हे हो, आम्ही पोवार.' घरमालकाचा चेहरा सैल व्हायचा, चहा यायचा. मीही शेजारी बसून मान डोलावत असे. 'तो' नव्हे, म्हणजे कोण नव्हे, हे त्या चहाच्या वेळी मी एकदाही विचारलं नाही. खरा पारधी खोली बघायला आला असता तर त्याच्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं. हा एवढा परिच्छेद मी हसत लिहिलेला नाही.

ज्यांना वाटतं की हे खूळ आपलंच, त्यांनी दक्षिण कोरियाकडे बघावं. तिथे २०१५ च्या जनगणनेत एक कोटीहून जास्त किम निघाले. दर पाचांत एक. मग लग्न कसं जमवायचं? त्यांनीही कुर काढले. कुठल्या गावाकडचा किम, गिमहेचा की ग्योंगजूचा? एका मुळाच्या दोघांना लग्न करायला कायद्यानंच बंदी होती. १९९७ साली तिथल्या घटना न्यायालयानं ती बंदी घटनाविरोधी ठरवली. तिकडे न्यायालयानं मोकळं केलं. इकडे मावशीच्या वर अपील नाही. पण कोरियाचं एक मानलं पाहिजे: ते आडनावं रीतसर मोजतात आणि आकडे छापतात. आपण सव्वातेरा लाखांच्या जिल्ह्यात पटले किती, बिसेन किती हे कुठेच छापत नाही. ते आकडे फक्त उमेदवाराच्या कार्यकर्त्याच्या वहीत असतात, आणि तिथे मात्र अगदी बिनचूक.

मोजायला गेलो की काय होतं तेही बघून झालं आहे. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती निघाल्या होत्या. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात पाहणीत लोकांना जात विचारली आणि सांगितलं ते तसंच उतरवलं, तर जाती निघाल्या ४६ लाखांवर! केंद्रानं २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला हे सांगितलं आणि ही माहिती वापरण्याजोगी नाही म्हणून हात झटकले. लोकांनी जात विचारल्यावर कुळ सांगितलं, गोत्र सांगितलं, आडनाव सांगितलं आणि लिहिणाऱ्यानं त्याला जमेल तसं लिहिलं. आमच्या आळीत त्या वर्षी कुणी काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. अर्ध्यांनी पोवार म्हटलं, काहींनी पवार, एका काकांनी क्षत्रिय, आणि एकानं प्रामाणिकपणे कुर सांगून टाकला.

मला स्वतःला याचा हिसका बसला तो एका बँकेत. आधारवर माझ्या आडनावाची इंग्रजी अक्षरं पाच, पॅनवर सहा. पाचवाला मी जिवंत होतो, सहावाला मीही जिवंत होतो, पण दोघे एक आहोत हे सिद्ध करायला शंभराचा मुद्रांक लागला. प्रतिज्ञापत्र लिहून देणाऱ्यानं मराठीत टाइप केलं: 'पटेल उर्फ पाटील हे एकच इसम आहेत.' मी सही केली. भूक लागली होती.

येत्या जनगणनेत जात पुन्हा विचारली जाणार, असं केंद्र सरकारनं ३० एप्रिल २०२५ ला ठरवलं. या वेळी प्रगणकाच्या हातात मोबाइल असेल आणि मोबाइलला माझ्यापेक्षा जास्त मराठी येतं असा त्याचा समज असतो. मी 'पटले' लिहिलं की तो आजही खाली तीन पर्याय दाखवतो: पटेल, पाटील, पटलं.

तेव्हा ताई किंवा भाऊ, जे कुणी आमच्या दारात याल, त्यांना आधीच सांगून ठेवतो. चहा घ्या, खुर्चीवर बसा, राजा भोजाचं मी काढणार नाही. फक्त लिहिलेलं एकदा वाचून दाखवा. प, ट, आणि मात्रा ल वर.